डोळे, हात आणि अक्कल : ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या प्रश्नाने केलेल्या तीन चोऱ्या

१.
‘प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता.’ ‘पिरॅमिड आणि वेरूळचे कैलास लेणे माणसाच्या हातून घडणे अशक्य.’ ‘लेमिंग नावाचे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून आत्महत्या करतात.’ ही तीन वाक्ये गेली कित्येक वर्षे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली हातोहात फिरत आहेत. तिन्ही असत्य आहेत. मात्र असत्य असणे हा त्यांचा लहान गुन्हा.

२.
मोठा गुन्हा चोरीचा आहे. पहिल्या वाक्याने एका समाजाचे डोळे पळवले, दुसऱ्याने कारागिरांचे हात पळवले, तिसऱ्याने एका मुक्या जीवाची अक्कल पळवली. ज्यांचे गेले ते फिर्याद करायला उभे राहू शकत नाहीत. काही हजारो वर्षांपूर्वी मातीत गेले, काहींना वाचाच नाही. त्यांच्या वतीने पुराव्यांनी बोलायचे आहे, आणि पुरावे भरपूर आहेत.

चोरी पहिली : डोळे

३.
१८५८ साली विल्यम ग्लॅडस्टन यांनी होमरवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गृहस्थ पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ग्रंथात एक प्रकरण रंगांवर होते. होमर समुद्राला मद्यासारखा म्हणतो आणि बैलांनाही तेच विशेषण लावतो. मधासाठी तो जो शब्द वापरतो, तोच पुढे हिरव्यासाठी रूढ झाला. लोखंडाला आणि लोकरीला तो जांभळ्या फुलाची उपमा देतो. आकाशाला मात्र निळे म्हणत नाही. हे निरीक्षण चिकाटीचे होते आणि अस्सल होते.

४.
घसरला तो निष्कर्ष. होमरकालीन ग्रीकांची रंगांची जाण अपुरी होती, त्यांना मुख्यतः उजेड आणि अंधार एवढाच भेद कळे, असे ग्लॅडस्टन यांनी मांडले. १८६७ मध्ये लाझारुस गायगर या जर्मन भाषाभ्यासकाने हीच फूटपट्टी ऋग्वेदाला लावली. दहा हजारांवर ऋचा. उषा, सूर्य, मेघ, वीज यांची अखंड वर्णने. पण आकाश निळे असल्याचा उल्लेख नाही. १८७७ मध्ये ह्यूगो मॅग्नुस या नेत्रवैद्याने त्यावर कळस चढवला: माणसाच्या डोळ्याचा पडदाच गेल्या काही हजार वर्षांत हळूहळू रंग पाहायला शिकला.

५.
शब्द नाही, म्हणजे दृष्टी नाही. साऱ्या डोलाऱ्याला आधार या एका उडीचा होता. ती कोणाला महागात पडणार, हे उघड होते. डोळा जर टप्प्याटप्प्याने सुधारत आला असेल, तर ज्या जिवंत समाजांच्या भाषेत निळ्याला स्वतंत्र शब्द नाही, ते अजून खालच्या पायरीवर अडकले आहेत, असे म्हणायला वाट मोकळी झाली. जगभर वसाहती बाळगून बसलेल्या त्या काळच्या युरोपला असे म्हणण्यासाठी फार आग्रह करावा लागत नसे.

६.
१८७८ च्या सुमारास न्युबियन माणसांचा एक जथा बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात ‘दाखवण्यासाठी’ आणला गेला. रुडॉल्फ फिरखो या विख्यात वैद्यकशास्त्रज्ञाने त्यांची रंगपरीक्षा घेतली. त्यांच्या भाषेत निळ्याला काळ्याहून वेगळा शब्द नव्हता, पण रंग वेगळा ओळखण्यात त्यांना कसलीही अडचण नव्हती. प्रदर्शनाची वस्तू म्हणून उभ्या केलेल्या माणसांनी युरोपातल्या विद्वानांचा सिद्धान्त मोडून दाखवला. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली हा प्रसंग क्वचितच येतो.

७.
पुढे खुद्द मॅग्नुसने दूरदूरच्या मिशनऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना प्रश्नावली धाडली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेली उत्तरे त्याच्याच विरुद्ध गेली: शब्द असो वा नसो, माणसे रंग ओळखत होती. सिद्धान्ताचा पुरस्कर्ताच सिद्धान्ताचा साक्षीदार फोडून बसला. तेव्हा खिळखिळी झालेली ही कल्पना आज ‘नुकताच लागलेला थक्क करणारा शोध’ म्हणून नव्या वेष्टनात विकली जाते.

८.
दगडमातीचा पुरावा याहून बोलका आहे. गडद निळा लाजवर्द दगड बदख्शानच्या खाणींतून निघे. त्या खाणींच्या वाटेवर शोर्तुगाई येथे हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी ठाणे वसवले होते, आणि हाच दगड मेसोपोटेमियात उर येथील राजघराण्याच्या दफनांत सापडतो. इजिप्तमध्ये खुफूचा पिरॅमिड उभा राहत होता त्याच युगात वाळू, चुना आणि तांब्याचे खनिज भट्टीत भाजून निळा रंग तयार केला जात होता. जो रंग दिसत नाही, त्यासाठी हिंदुकुश ओलांडणारा व्यापारी आणि भट्टी पेटवणारा कारागीर कल्पनेतही उभा राहत नाही.

९.
ग्रीक भूमीतच पाहायचे तर क्रीट बेटावरील क्नोसोसचा राजवाडा आहे. होमरच्या कित्येक शतके आधीची तिथली भित्तिचित्रे निळ्या रंगाने भरली आहेत. उत्खनन करणारे आर्थर एव्हान्स यांना एका चित्राचे तुकडे सापडले: केशराची फुले वेचणारी एक निळी आकृती. त्यांनी ते तुकडे जोडून एक निळा मुलगा उभा केला. पुढे निकोलाओस प्लाटोन यांनी दाखवून दिले की, ती आकृती माकडाची आहे, तिला शेपूटही होते. निळा रंग ज्यांना दिसत नव्हता म्हणतात, त्यांनी माकड रंगवले. आणि ज्यांना सर्व काही दिसत होते, त्यांना त्यात मुलगा दिसला.

१०.
होमरकडेही निळे आहे. अल्किनूसच्या राजवाड्याच्या भिंतीवरचा पट्टा आणि अगामेम्नोनच्या चिलखतावरच्या पट्ट्या ‘कुआनोस’च्या आहेत. हा शब्द लाजवर्द आणि त्याची नक्कल करणारी निळी काच यांच्यासाठी होता. त्यावरून झालेले विशेषण होमर हेक्टरच्या केसांना आणि झ्यूसच्या भुवयांना लावतो, तेव्हा अर्थ ‘गडद’ असा होतो. त्याच्या भाषेत चमक, खोली आणि गडदपणा यांना अग्रक्रम होता, छटेला नव्हता. ही शब्दांची वेगळी मांडणी झाली. डोळ्याचा दोष तिच्यात कुठेही नाही.

११.
मराठी माणसाला हे परके वाटू नये. संस्कृतातला ‘नील’ गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेला आहे. यजुर्वेदात रुद्राला ‘नीलग्रीव’ म्हटले आहे. मार बसलेले अंग मराठीत आजही ‘काळेनिळे’ पडते. हळद या शब्दाचे मूळ ‘हरिद्रा’ आणि त्याचे सख्य ‘हरित’शी, म्हणजे एकाच कुळात एक पिवळा निघाला आणि एक हिरवा. एवढ्यावरून हळद लावणाऱ्यांना हळदीचा आणि पानाचा रंग वेगळा दिसत नव्हता, असे कोणी म्हटले तर त्याला घरातली थोरली बाई आधी हळदीची वाटी दाखवील आणि मग दार दाखवील.

१२.
दुटप्पीपणा इथे उघडा पडतो. संस्कृत ‘नारङ्ग’ फारसीतून अरबीत, तिथून स्पेन-फ्रान्समार्गे इंग्रजीत गेला. फळ आधी पोचले, त्यावरून रंगाचे नाव सोळाव्या शतकात रूढ झाले. तोवर इंग्रजीत या रंगाला स्वतंत्र नावच नव्हते. म्हणून तर नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्याला इंग्रज आजही ‘लाल छातीचा’ म्हणतात. पण ‘सोळाव्या शतकापूर्वी इंग्रजांना नारिंगी दिसत नव्हते’ असा संदेश कोणाला कधी आलेला नाही. अपुऱ्या डोळ्यांचा आरोप नेहमी दुसऱ्यांवर होतो: फार जुन्यांवर किंवा फार दूरच्यांवर.

१३.
भाषेचा रंगदृष्टीवर काही परिणाम होतो का? होतो, पण तो बेताचा. रशियन भाषेत गडद निळा आणि फिकट निळा यांना दोन वेगळे मूलभूत शब्द आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या दोन गटांतल्या छटा वेगळ्या काढताना रशियन भाषक सेकंदाच्या अल्प अंशाने अधिक चपळ ठरले. शब्द हे शिक्षण आहे. येवल्याच्या विणकराला पैठणीच्या एका काठात ज्या छटा नावानिशी ओळखू येतात, त्या सगळ्या गिऱ्हाइकाला सांगता येत नाहीत. गिऱ्हाइकाचा डोळा त्यामुळे आदिम ठरत नाही.

चोरी दुसरी : हात

१४.
पिरॅमिडांबद्दल दोन कथा चालतात. एका कथेत चाबकाखाली राबणारे गुलाम, दुसऱ्या कथेत परग्रहवासी. वरवर त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण काम एकच करतात: दोन्हींत कौशल्य असलेला, नाव असलेला, पगारी भाकरी खाणारा कारागीर नाहीसा होतो. एकीत तो नुसते ओझे वाहणारे शरीर उरतो, दुसरीत तेही उरत नाही. हेरोडोटसने एक लाख माणसांचा आकडा सांगितला खरा, पण तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी तिथे गेला होता. त्याने ऐकीव कथा लिहिली.

१५.
१९९० मध्ये गिझा येथे एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांची दफनभूमी उजेडात आली. तिथल्या सांगाड्यांच्या पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत. काम कष्टाचे होते यात शंका नाही. पण त्याच सांगाड्यांत मोडलेली आणि नीट बसवून सांधलेली हाडे आहेत. कोणीतरी फळ्या बांधल्या, कोणीतरी शुश्रूषा केली. मेल्यावर त्यांना राजाच्या पिरॅमिडच्या सान्निध्यात, परलोकासाठी भाकरी-मद्याच्या भांड्यांसह पुरले गेले. टाकाऊ माणसांची कोणी अशी निगा राखत नाही.

१६.
जवळच मार्क लेनर यांच्या पथकाने कामगारांची वसाहत उकरून काढली: लांब निवासगृहे, भट्ट्या, भाकरी भाजण्याचे मोठाले साचे, गुराढोरांची आणि शेळ्यामेंढ्यांची मुबलक हाडे. श्रमिक राजाच्या हुकमाने पाळीपाळीने आलेले असतील, सक्तीही असेल. वेठीचा हा प्रकार भारतीय वाचकाला अनोळखी नाही. तरीही हे खाऊनपिऊन, टोळ्यांत वाटून, देखरेखीखाली केलेले कसबी काम होते. टोळ्यांनी दगडांवर आपली नावे रंगवून ठेवली आहेत. एक टोळी ‘खुफूचे मित्र’ म्हणवते, एक ‘मेनकौरेचे मद्यपी’. परग्रहावरून आलेल्यांनी स्वतःची अशी थट्टा केली असती का, हा प्रश्न त्यांच्या पुरस्कर्त्यांनी सोडवावा.

१७.
२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांना लिहिलेले पपायरस मिळाले. लेखन असलेल्या पपायरसांत ते सर्वांत जुने आहेत, खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरीचे. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची त्याची टोळी तुरा येथील खाणीतून चुनखडीचे चिरे होडीत भरते, नाईल आणि कालव्यांतून गिझाला आणते, उतरवते, परत जाते. कोठे मुक्काम झाला, कधी निघाले, सारे नोंदलेले. साहेबाचे नावही आहे: अंखहाफ, राजाचा सावत्र भाऊ. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही हजेरीवही हाती असताना आकाशाकडे बोट दाखवणे म्हणजे मेरेरच्या हातातून वही हिसकावणे होय.

१८.
हीच चोरी मराठी मुलखात वेरूळला चालू आहे. कैलास लेणे कळसापासून पायापर्यंत वरून खाली कोरले, ते अठरा वर्षांत झाले, आणि म्हणून माणसाचे काम नव्हे, असा युक्तिवाद असतो. अठरा वर्षे हा आकडा मंदिरावर कोठेही कोरलेला नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण तेवढी, इ.स. ७५६ ते ७७३ च्या आसपास. मुख्य मंदिर त्याच्या काळातले आणि आवारातील काही भाग इतर राजांच्या काळातले, अशी मांडणी म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी केलेली आहे.

१९.
शिवाय कैलास एकाएकी उगवलेले नाही. त्याच डोंगरात त्याआधी दोनेक शतके लेणी खोदली जात होती. मंदिराचा घाट पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळतो, आणि विरूपाक्षाचा कांचीच्या कैलासनाथाशी. ही उघड गुरुपरंपरा आहे. खडक कसा फोडत, चर कसे पाडत, खांब कसा मोकळा करत, हे पाहायचे असेल तर वेरूळ-अजिंठ्याची अपुरी राहिलेली लेणी पाहावीत. अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात काम जिथे थांबले तिथेच आजही थांबलेले आहे. छिन्नीचे घाव मोजता येतात. वरून खाली खोदण्यात पाडकामाचा मलबा आड येत नाही आणि उंच परातीही बांधाव्या लागत नाहीत. ती अडाण्याची जादू नसून जाणत्याची सोय आहे.

२०.
कारागिराच्या थक्क होण्याचीही नोंद आहे. नवव्या शतकाच्या आरंभीच्या, वडोदरा येथे मिळालेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून देव विस्मित झाले, आणि ज्याने ते घडवले त्या शिल्पकारालाही हे आपल्या हातून कसे झाले असे वाटले, असा त्याचा आशय. इतक्या जुन्या काळी लोक अवाक झाले होते, पण अवाक होऊनही त्यांनी श्रेय शिल्पकाराच्याच पदरात ठेवले.

२१.
मराठी परंपरेने तर त्याला नाव दिले. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त गोष्ट येते: शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असे राणीचे व्रत, आणि पैठणच्या कोकास नावाच्या सुताराने शिखरापासूनच काम आरंभून तिचे व्रत राखले. ही दंतकथाच आहे, इतिहास नव्हे. पण या दंतकथेला वरून खाली खोदण्याचे नेमके तंत्र ठाऊक आहे आणि त्याचा मान ती गोदाकाठच्या माणसाला देते. आजच्या ‘रहस्यमय’ चित्रफितींपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक म्हणावी लागते.

२२.
आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्रान्समधील शार्त्रचे उत्तुंग कॅथिड्रल परग्रहवासीयांनी बांधले, असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. आकाशातून मदत लागते ती इजिप्तला, पेरूला, मेक्सिकोला, वेरूळला. ज्यांच्या पूर्वजांनी हे घडवले, त्यांच्याच वंशजांनी हा संदेश अभिमानाने पुढे पाठवावा, यासारखी शोकांतिका नाही. अभिमान म्हणून जे पाठवले जाते, त्याचा अर्थ ‘आमच्याच्याने हे झाले नसते’ असा आहे.

चोरी तिसरी : अक्कल

२३.
प्राण्यांच्या बाबतीत चोर अधिक निर्धास्त असतो. ‘लाल रंग पाहून बैल पिसाळतो’ हे वाक्य घ्या. गोवंशाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. लाल रंग बैलाला माणसासारखा दिसतच नाही. स्पेनच्या झुंजीत तो हलणाऱ्या कापडावर धावतो, आणि झुंजीच्या पहिल्या भागातले कापड तर किरमिजी-पिवळे असते. महाराष्ट्रात यासाठी प्रयोगशाळा नको. पोळ्याला शिंगांना हिंगूळ, अंगावर लालभडक झूल, कपाळाला बाशिंग बांधून बैल गावभर मिरवतात. पिसाळतो कोण? तरीही पोळा पाहिलेली माणसे स्पेनच्या बैलावर विश्वास ठेवतात.

२४.
आणि लेमिंग. १९५८ च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या डिस्नेच्या माहितीपटात हे प्राणी कड्यावरून पाण्यात कोसळताना दिसतात. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. १९८२ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने केलेल्या तपासात वेगळेच बाहेर आले. चित्रण अल्बर्टात झाले होते, जिथे हे लेमिंग राहतच नाहीत. ते मॅनिटोबातील इन्युइट मुलांकडून विकत आणले होते. गर्दी भासावी म्हणून त्यांना फिरत्या चकतीवर पळवले आणि शेवटी माणसांनी त्यांना नदीत लोटले. जिला जग आत्महत्या म्हणते, तो कॅमेऱ्यासमोर झालेला वध होता.

२५.
खरे लेमिंग काय करतात? त्यांची संख्या दर तीन ते पाच वर्षांनी प्रचंड फुगते आणि कोसळते. दाटी झाली की काही जाती नव्या जागेच्या शोधात निघतात. वाटेत पाणी आले तर पोहतात, काही बुडतात. ग्रीनलंडमधील अभ्यासाने दाखवले की, तिथे हे चक्र फिरवणारे मुख्यतः चार शिकारी आहेत: हिमघुबड, ध्रुवीय कोल्हा, लांब शेपटीचा स्कुआ पक्षी आणि मुंगसासारखा चपळ स्टोट. जगण्यासाठी निघालेल्या प्राण्याला मरायला निघालेला ठरवले गेले. आता माणसांच्या झुंडीला मूर्ख म्हणायचे झाले की त्याचेच नाव घेतात.

२६.
शहामृगाचेही तसेच. वाळूत डोके खुपसण्याची कथा प्लिनीच्या काळाइतकी जुनी आहे. त्याने झुडपात मान लपवणारे शहामृग वर्णिले. प्रत्यक्षात तो पक्षी जमिनीतल्या उथळ खळग्यात अंडी घालतो आणि चोचीने ती फिरवतो, म्हणून दुरून डोके जमिनीत गेल्यासारखे दिसते. मराठी अग्रलेखांतला ‘शहामृगी पवित्रा’ वाक्प्रचार म्हणून खुशाल राहू द्यावा. वाक्प्रचाराला प्राणिशास्त्र समजणे ही मात्र चूक आहे.

एक आक्षेप, आणि एक इशारा

२७.
या साऱ्यावर नेहमीचा आक्षेप असा: एवढे कशाला मनावर घ्यायचे? घटकाभर मौज, त्यातून मुलांना इतिहासाची गोडी लागते. गोडी लागावी हे खरेच. पण मेरेरची रोजनिशी, निळा मुलगा ठरलेले माकड, पोळ्याचा बैल यांत मौज कमी आहे का? खोट्या आश्चर्याची खोड ही की, ते कुतूहल जागे करून लगेच झोपवते. ‘परग्रहवासीयांनी बांधले’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न उरत नाही. ‘वरून खाली खोदले’ म्हटले की मूल विचारते: मग पाणी कुठून काढले? दगड कुठे टाकले? पहिली छिन्नी कुठे मारली?

२८.
इशारा दुसऱ्या बाजूलाही हवा. ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणे हाही आळसच. ‘इंडियन यलो’ या झळझळीत पिवळ्या रंगाची गोष्ट घ्या. आंब्याची पाने चारलेल्या गाईंच्या मूत्रापासून तो बनतो, असे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी १८८३ मध्ये लिहिले. बिहारात मुंगेरजवळ मिर्झापूर येथे त्यांनी तो बनताना पाहिला होता आणि नमुने लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवले होते. पुढे व्हिक्टोरिया फिनले यांनी त्या गावी जाऊन चौकशी केली. कोणाला काही आठवत नव्हते. त्यानंतर ‘ती भाकडकथा होती’ हेच नवे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ बनले.

२९.
पुढे क्यू येथे जपलेल्या मुखोपाध्यायांच्या मूळ नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण झाले. त्यात जनावराच्या मूत्राकडे बोट दाखवणारे घटक मिळाले. म्हणजे अविश्वसनीय वाटलेली गोष्ट खरी निघाली, आणि शहाणपणाची वाटलेली शंका उणी पडली. निकाल दिला तो ना भाबडेपणाने, ना खवचटपणाने. एका भारतीय निरीक्षकाने पुडीत बांधून ठेवलेल्या पुराव्याने. तो शंभरांहून अधिक वर्षे खोटा ठरण्याची किंवा खरा ठरण्याची वाट पाहत होता.

३०.
म्हणून कसोटी सोपी आहे. अजब माहिती समोर आली की दोन प्रश्न विचारावेत. हे कोणाला, कशावरून कळले? आणि हे मान्य केले तर कोणाचे काय जाते? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल आणि दुसऱ्याच्या उत्तरात कोणा समाजाचे डोळे, कोणा कारागिराचे हात किंवा कोणा जनावराची अक्कल जात असेल, तर तो संदेश पुढे पाठवणारा चोरीचा माल पुढे सरकवत असतो.

३१.
शेवटी एक खरे आश्चर्य, ज्यात रंग, जुनी वास्तू आणि प्राणी तिन्ही आहेत. ग्रीसच्या थेरा बेटावर अक्रोतिरी हे नगर इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याच्या एका खोलीच्या भिंतीवर निळी माकडे खडकांवरून चढत आहेत. करडा रंग निळ्याने दाखवण्याची तेव्हा त्या प्रदेशात रीत होती. प्राणिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांच्या एका गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मत मांडले की, शेपटी वर उचलून धरण्याची त्यांची ढब आफ्रिकेतल्या माकडांची नाही. ती भारतीय उपखंडातल्या वानराची आहे. यावर मतभेद आहेत आणि वाद चालू आहे.

३२.
मत खरे ठरले, तर सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर भाविकांच्या हातातला नारळ पळवणाऱ्या वानराचे भाईबंद, कोणा व्यापाऱ्याच्या मार्फत, साडेतीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या एका चित्रकाराच्या नजरेस पडले होते. खोटे ठरले तरी एक गोष्ट कायम राहते. त्या चित्रकाराने एका प्राण्याची शेपटी इतकी निरखून पाहिली होती की, आज तिच्या वळणावरून जात ओळखण्याचा वाद घालता येतो. आणि ती त्याने निळ्या रंगात काढली.